मूठभर जवारीची दमणी

सक्करदरा, नागपूर
ता. २१ जुलै १९३५

तीर्थरूप दादास, उत्तराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पोचल्याचं पत्र मिळालं. जबलपूरची हवा बरी आहे, खानावळीतलं वरण पातळ आहे आणि ट्रेनिंग कॉलेजातले मास्तर तुमच्यासारख्या बावीस वर्षांच्या घोड्यांना फळ्यावर सरळ रेघ मारायला शिकवून राहिले आहेत, हे वाचून आप्पा बऱ्याच दिवसांनी हसले. मला हसू आलं नाही. मंडळाचं कसं चाललं आहे, असं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत विचारलंस. उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून हे चार कागद.

तू गेल्यापासून आपलं तरुण सेवा मंडळ म्हणजे मी आणि श्रीधर. यादीत अकरा नावं आहेत. त्यातल्या दोघांच्या परीक्षा आहेत, एकाचं लग्न ठरलं आहे, दोघींना घरून परवानगी नाही आणि उरलेले सभा असली की येतात, पोतं उचलायचं असलं की येत नाहीत. श्रीधरला छापखान्यातून रविवारची सुटी असते, ती तो आपल्याला देतो. सकाळी सातला आम्ही निघतो. घरोघरी आपण ठेवलेल्या गाडग्यात रोजची एक मूठ जवारी पडली का ते बघायचं, ती पोत्यात ओतायची आणि गाडगं परत चुलीजवळ ठेवून यायचं. लिहायला किती सोपं आहे! मागच्या रविवारी एका घरी त्या गाडग्यात मीठ भरलेलं होतं. दुसऱ्या घरच्या बाईंनी किडकी जवारी दिली आणि वर म्हणाल्या की आजाऱ्यांना काय कळतं. ही जवारी आजारी माणसं खात नाहीत, ती विकून बैलांचा कडबा येतो, हे मी त्यांना चौथ्यांदा सांगितलं. तिसऱ्या घरी एका पेन्शनर काकांनी विचारलं की माझं लग्न जमत नाही म्हणून मी दारोदार फिरते का. मी पोतं खाली ठेवलं होतं. श्रीधरनं वेळेवर मला पुढच्या घरी नेलं.

पण हे सगळं चालेल. चालत नाही ती दमणी. मे महिन्यात रुपराव मालगुजारांकडून ती छपराची बैलगाडी घेतली तेव्हा सक्करदऱ्यापर्यंत तू तिच्यात लोळत आला होतास. वर छप्पर, खाली गादी, बाईमाणसाला निजून जाता येईल अशी ऐसपैस. तलावापलीकडच्या कोष्टीपुऱ्यातून बायकांचा दवाखाना अडीच मैल, टांगेवाले त्या चिखलात यायला तयार नाहीत, म्हणून अडलेल्या बाईला नेता यावं एवढ्यासाठी आपण वर्षभर मुठी गोळा केल्या. नत्थूजी बंडीवाल्यानं आपली बैलजोडी नुसत्या कडब्यावर द्यायचं कबूल केलं. सगळं जमलं. मग दमणी ठेवायची कुठे म्हणून तू ती गोपाळरावांच्या गोठ्यात ठेवलीस, आणि ते निवृत्त तहसीलदार म्हणून त्यांना मंडळाचे अध्यक्षही करून गेलास. दादा, तिथं चुकलं.

आता गोठ्याला कुलूप आहे. दमणी हवी असली तर गोपाळरावांच्या सहीची चिठ्ठी लागते. ती मागायला घरच्या कर्त्या पुरुषानं यायचं, बाईनं नाही. कोष्टीपुऱ्यातले पुरुष सकाळी मागावर बसतात ते दिवे लागेपर्यंत, आणि गोपाळराव दुपारी एक ते चार झोपतात. शिवाय दमणीच्या पुढच्या फळीवर त्यांच्या वडिलांचं नाव पांढऱ्या अक्षरांत आलं आहे. त्यांच्या वडिलांनी किती मुठी दिल्या ते मी विचारलं नाही, कारण आप्पा शेजारी उभे होते.

कोष्टीपुऱ्यातली रंभाबाई तुला आठवतच असेल. तिच्या सुनेला, जिजाबाईला, आठवा लागला आहे. पहिलंच बाळंतपण, आणि सुईण म्हणते मूल आडवं आहे. काल रंभाबाईनं मला विचारलं, “बाई, वेळ आली तं थे साहेब चिठ्ठी देईन ना वं?” मी होय म्हटलं. तुझ्या भरवशावर म्हटलं. तेव्हा गोपाळरावांना तू लिही. माझं ते ऐकत नाहीत.

तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे, तो आता थोडा कामालाही येऊ दे.

तुझी,
उत्तरा

---

जबलपूर
ता. २ ऑगस्ट १९३५

चि. उत्तरा हीस मार्तंडाचे अनेक आशीर्वाद.

चार कागद मिळाले. शुद्धलेखन सुधारलं आहे, स्वभाव आहे तसाच आहे. श्रीधर रविवारी येतो हे एकाच पत्रात दोनदा आलं आहे, तेही ध्यानात घेतलं.

तुझी चिडचिड समजते, पण सार्वजनिक काम असंच असतं. गोपाळरावांचं नाव नसतं तर निम्म्या घरांनी आपलं गाडगं उंबऱ्याच्या आत घेतलंच नसतं. फळीवर नाव आल्यानं चाक अडत नाही. मी इथे बसून मंडळाची नियमावली तयार केली आहे, सतरा कलमं झाली. सोबत पाठवतो. सभा बोलाव, ती वाचून दाखव, आणि कलम नऊप्रमाणे चिठ्ठीची व्यवस्था तपासायला तिघांची समिती नेम. हे सगळं गोडीनं कर. म्हाताऱ्या माणसांना गोडीनं सांगितलं की ऐकतात.

मी त्यांना वेगळं पत्र लिहीनच. मात्र ते घाईनं लिहून चालणार नाही. एप्रिलात मी इथून सुटेन तेव्हा आपल्या भागातल्या शाळेत एक जागा रिकामी होते आहे, आणि त्या शाळेच्या चालकांत गोपाळराव आहेत. याचा दमणीशी काही संबंध नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

जिजाबाईची चिठ्ठी आधीच मागून ठेव, म्हणजे वेळेवर धावाधाव नको. आप्पांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? माझं खाकी जाकीट ट्रंकेत असेल, पाऊस उघडल्यावर उन्हात घाल.

रागावलीस तरी लिहीत जा, न लिहिलेलं पत्र जास्त टोचतं.

तुझा,
मार्तंड

---

सक्करदरा
ता. १८ ऑगस्ट १९३५

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

तुझी सतरा कलमं वाचली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, कोरम, सगळं आहे. बैल कुठेच नाहीत.

सभा बोलावली. मी, श्रीधर आणि गोपाळराव असे तिघे आलो. गोपाळरावांनी कलमं चष्मा लावून वाचली, दोन ठिकाणी इंग्रजी चुकलं आहे असं सांगितलं आणि कागद घडी करून खिशात घातला. समितीचं काय, असं विचारल्यावर म्हणाले की मार्तंड आल्यावर बघू.

दमणी या महिन्यात चारदा बाहेर निघाली. एकदा कोष्टीपुऱ्यातल्या तापाच्या बाईसाठी. तीही गोपाळरावांची झोप होईपर्यंत दीड तास दाराशी बसली होती, कारण त्यांना उठवायची घरात कुणाची छाती नाही. उरलेल्या तीनदा त्यांच्याच घरच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला. नत्थूजी मला म्हणाला की बाई, मी कडब्यावर कबूल झालो थे आजाऱ्यासाठी, सायबाच्या सोयऱ्यासाठी नाही. म्हणून आता पाहुण्यांसाठी ते आपले शेतावरचे बैल जुंपतात. म्हणजे कडबाही आपला वाचला, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी हसावं अशी त्यांची अपेक्षा होती.

जिजाबाईची चिठ्ठी मात्र तू म्हटल्याप्रमाणे आधी मागितली. तिचा नवरा दोन खेपा घालून आला, तिसऱ्या खेपेला सही मिळाली. रंभाबाईनं ती चिठ्ठी देवापाशी ठेवली आहे. खरं सांगते, ती तशी देव्हाऱ्यात बघून मला शरम वाटली.

पोळ्याला यमुआत्या कामठीहून येते आहे. तेवढंच घरात मोठ्यानं बोलणारं कुणीतरी.

तुझ्या पत्राची वाट गोपाळरावही बघत असतील. लिहिलंस का त्यांना?

उत्तरा

---

सक्करदरा, नागपूर
ता. ३१ ऑगस्ट १९३५

चि. मार्तंड यास गोपाळरावाचे आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या भगिनीकडून माझ्या घरी जो प्रकार घडला तो तुमच्या कानावर घालणे मला प्राप्त आहे. तुमच्या वडिलांनी माझ्या हाताखाली अनेक वर्षे नोकरी केली, त्या घरोब्याला स्मरून मी अद्याप अन्य कोणाकडे गेलेलो नाही.

पोळ्याच्या सणासाठी माझी कन्या व नातवंडे आली होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे परवा, मारबतीची मिरवणूक दाखविण्याकरिता मी त्यांस शहरात महाल भागी घेऊन गेलो. दमणी गोठ्यात रिकामी उभी होती म्हणून तीच नेली. कोष्टीपुऱ्यातील कोणा बाईस मी चिठ्ठी दिली होती ती त्या दिवशी माझ्या ध्यानात राहिली नाही. माणसाच्या हातून विस्मरण होते. परंतु आम्ही सायंकाळी परतलो तो तुमची भगिनी पंचवीस-तीस कोष्ट्यांसह माझ्या अंगणात उभी. पाय अनवाणी, लुगड्यावर रक्ताचे डाग. माझी नातवंडे घाबरून रडू लागली. तिने कोणासही न विचारता माझे बैल सोडविले व त्या नत्थूजीने आपले जुंपून दमणी बाहेर काढली. जाताना ती मला म्हणाली की फळीवरचे नाव ती पुसून परत पाठवील. कुलीन घरच्या मुलीच्या तोंडी हे शब्द शोभत नाहीत.

दमणी आता कोष्टीपुऱ्यात आहे. हा पोलिसांत देण्याजोगा गुन्हा आहे. तुम्ही मंडळाचे चिटणीस या नात्याने दमणी माझ्या मालकीत दिली होती, असे दोन ओळींत लिहून पाठवावे, म्हणजे मला ती विनाबोभाटा परत आणता येईल. तुमच्या भगिनीने घरी येऊन क्षमा मागितल्यास मी प्रकरण वाढविणार नाही. शाळेतील जागेसंबंधी चालकांची बैठक दिवाळीपूर्वी आहे, हेही जाता जाता कळवितो.

आपले हित चिंतणाऱ्याचे पत्र समजून उत्तर लवकर द्यावे.

गोपाळराव

---

जबलपूर
ता. ५ सप्टेंबर १९३५

चि. उत्तरा हीस आशीर्वाद.

गोपाळरावांचं पत्र आलं आहे. तू हे काय करून बसलीस? वर्षभराच्या कामाची एका संध्याकाळी तू वाट लावलीस. कारण काहीही असो, वडीलधाऱ्या माणसाच्या अंगणात जमाव घेऊन जाणं आपल्याला शोभत नाही. आप्पांना त्यांच्यासमोर रोज उभं राहायचं असतं, याचा तरी विचार करायचास.

माझं ऐक. त्यांच्या घरी जा, दोन शब्द बोल, दमणी गोठ्यात परत ठेव. दिवाळीच्या सुटीत मी येतो आणि सगळं नीट लावून देतो. मालकीचं पत्र मी अजून पाठवलेलं नाही, तू गेलीस की त्याची गरजच पडणार नाही.

जिजाबाईचं काय झालं ते गोपाळरावांनी लिहिलं नाही. कळव.

मार्तंड

---

पोस्टकार्ड
सक्करदरा, ता. ८ सप्टेंबर १९३५

ती. दादास, सा. न. तू ‘कारण काहीही असो’ असं लिहिलंस, म्हणून कारण लिहीत नाही. दमणी परत ठेवणार नाही. क्षमा मागणार नाही. आप्पांचा गुडघा बरा आहे. जाकीट उन्हात घातलं. उत्तरा.

---

कामठी
ता. ११ सप्टेंबर १९३५

चि. मार्तंडास यमुआत्याचा आशीर्वाद.

बाबा रे, माझं अक्षर तुला लागत नाही हे मला ठाऊक आहे, तरी हे पत्र दोनदा वाच. मी पोळ्याला तुझ्या घरी होते. जे झालं ते मी डोळ्यानं पाहिलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते उत्तराच्या तोंडून काढून घेतलं आहे. ती पोरगी सांगत नाही, सांगायला लागली की दात आवळते.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी त्या जिजाबाईला कळा सुरू झाल्या. सुईणीनं सकाळपर्यंत सगळं केलं, मग म्हणाली आता माझ्या हातचं नाही. आठ वाजता तिचा नवरा धावत आपल्याकडे आला. उत्तरा चिठ्ठी घेऊन निघाली. नत्थूजी बैल घेऊन गोपाळरावाच्या गोठ्यापुढे उभाच होता. पोळ्याची शिंगं रंगवलेली, झुली तशाच. सणाचे दोन दिवस कुणी बैल जुंपत नाही, पण तो म्हणाला की पोळा काल होता, बैलायले मी समजावतो. कुलूप उघडं होतं. आत दमणी नव्हती.

नत्थूजीची स्वतःची बंडी असती तर तीच नेली असती. तिच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची म्हणून ती लोहाराकडे होती. सणात काम नसतं म्हणून सगळे तेव्हाच दुरुस्त्या काढतात. टांगा पाहायला श्रीधर नाक्यापर्यंत पळत गेला. सगळे टांगे महालात, मारबतीच्या गर्दीत. मग त्यांनी बाजेवर घातलं तिला. कोष्टीपुऱ्यातली पुरुषमंडळीही निम्मी मिरवणुकीला गेलेली. नवरा, नत्थूजी, श्रीधर आणि एक म्हातारा अशा चौघांनी चार खूर खांद्यावर घेतले. अर्ध्या वाटेत म्हाताऱ्याला दम लागला, तेव्हा तिथं उत्तरानं खांदा दिला. चपला चिखलात गेल्या. मी मागून लुगडी आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन चालत होते.

दवाखान्याची वाट महालातून, तिथं पोचलो तर रस्ता बंद. माणसावर माणूस. रोगराई घेऊन जा म्हणून सारे मारबतीच्या पुतळ्याला ओरडत होते, आणि आम्ही त्यांना ओरडत होतो की बाबांनो, वाट द्या. कुणाला ऐकू येत नव्हतं. गर्दीच्या पलीकडे एका ओट्याला लागून आपली दमणी उभी होती. मी पाहिली, उत्तरानंही पाहिली. आत पोरं बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. तिथवर जायला वाट नव्हती आणि हाक पोचत नव्हती. एक तास तिथं गेला, मार्तंडा. डॉक्टरीणबाई नंतर तेवढंच म्हणाली, की एक तास आधी आणलं असतं तर.

मुलगा होता. बाई वाचली.

त्यानंतर उत्तरा गोपाळरावाच्या अंगणात गेली. ती ओरडली नाही. तिनं ती चिठ्ठी त्याच्यासमोर धरली आणि म्हणाली, “ही तुमची सही आहे. वाचून दाखवा.” त्यानं वाचली नाही. मग तिनं बैल सोडले. एवढंच झालं. आप्पा ओसरीवरून बघत होता. ती घरी आल्यावर त्यानं तिच्या पायावर स्वतः पाणी घातलं. तीस वर्षं त्या तहसीलदारापुढे मान खाली घालून काढली त्यानं.

तू शाळेच्या जागेसाठी गप्प आहेस हे मला कळतं. मी तुला वाईट म्हणत नाही. पोटाचं कुणाला सुटलं आहे. पण मग उत्तराला उपदेश करू नको. गप्पच रहा. दोन्ही करायचं आणि वर दिवाळीला येऊन सगळं नीट लावून देतो म्हणायचं, हे मला पटलं नाही.

पोरगी नीट जेवत नाही. तिला लिही, आणि माझी आठवण राहू दे.

तुझी,
यमुआत्या

---

जबलपूर
ता. १६ सप्टेंबर १९३५

श्री. रा. रा. गोपाळराव यांचे सेवेशी, मार्तंडाचे कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र आले होते. उत्तरास उशीर झाला, याचे कारण मी दोन ओळी लिहायला बसलो की दुसरी ओळ खोटी होत होती.

दमणी रुपरावजींकडून घेतली, त्याची पावती माझ्यापाशी आहे. ती तरुण सेवा मंडळाच्या नावाची आहे. आपल्या गोठ्यात ती ठेवायला दिली होती, आपल्याला दिली नव्हती. ज्या घरांनी तिच्यासाठी रोज एक मूठ बाजूला काढली त्यांची ती आहे, आणि त्यांतली बरीचशी घरे कोष्टीपुऱ्यात आहेत. तेव्हा ती आज जिथे उभी आहे तिथे चोरीची नाही. पोलिसांत देणे झाल्यास आरोपींत प्रथम माझे नाव घालावे. चिटणीस मी आहे.

माझी बहीण आपल्याला जे शब्द बोलली ते जुलैतच मी लिहायला हवे होते. मी लिहिले नाही, म्हणून ते तिला आपल्या अंगणात येऊन बोलावे लागले. तिच्या क्षमेचा प्रश्न राहत नाही.

शाळेतील जागेसाठी मी अर्ज करणार नाही. आपण आजवर केलेल्या उपकारांची जाणीव आहे, ती या पत्राने कमी झालेली नाही, एवढे खरे मानावे.

आपला आज्ञाधारक होतो तो,
मार्तंड

---

सक्करदरा
ता. ४ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप दादास, उत्तराचा सा. न. वि. वि.

तू दिवाळीला आला नाहीस, शिवनीच्या शाळेत मुलाखतीला गेलास, ते कळलं. तुझं क्षमेचं पत्र सप्टेंबरातच मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण आधी राग गेला नव्हता आणि तो गेल्यावर वेळ नव्हता. तुझी जागा गेली त्याचं मला वाईट वाटतं. आप्पांना नाही वाटत. तुझ्या त्या पत्राची तू पाठवलेली नक्कल त्यांनी पंचांगात ठेवली आहे.

गोपाळराव पोलिसांत गेले नाहीत. त्यांनी नुसतं बोलणं टाकलं. त्याबरोबर आपल्या बाजूच्या चाळीसेक घरांनी गाडगी परत केली, काहींनी तर आमच्या ओट्यावर आणून पालथी घातली. नवी यादी करायची म्हणून मी पुन्हा दारोदार फिरले. सगळ्यांना वाईट वाटतं, जिजाबाईचं ऐकून डोळ्यांना पदर लावतात आणि गाडगं ठेवून घेत नाहीत. दादा, लोक वाईट असते तर सोपं होतं. मला रोज चांगली माणसं भेटतात आणि मी रिकाम्या हातानं परत येते.

दमणी कोष्टीपुऱ्यात रंभाबाईच्या घराशेजारी, लिंबाखाली उभी असते. चिठ्ठी नाही, कुलूप नाही. ऑक्टोबरात ती सहा वेळा गेली आणि सहाही बाया परत आल्या. मला वाटलं आता तरी सुरळीत झालं. आता परवाचं सांगते.

मिलच्या रस्त्यापलीकडे जो महारवाडा आहे, तिथल्या अकरा घरांत आषाढापासून आपली गाडगी आहेत. हे मी तुला लिहिलं नव्हतं. तू ते अभिमानानं सभेला लिहून पाठवलं असतंस, आणि गोपाळरावांनी दुसऱ्या दिवशी ती जवारी वेगळी काढायला लावली असती. मी आणि श्रीधरनं ती एकाच पोत्यात ओतली. परवा दुपारी तिथला रामाजी आला. मिलमध्ये कामाला आहे. त्याची बायको रुख्मिणी सकाळपासून अडली होती, तिला त्यानं आणि त्याच्या भावानं हातगाड्यावर लिंबापर्यंत आणलं होतं. नत्थूजीनं बैल काढले. तेवढ्यात रंभाबाई दमणीपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की ही गादी आमच्या लेकीसुनांची आहे, त्यायनं त्यायची गाडी करावी. तिच्यामागे आणखी आठ-दहा बाया जमल्या. या त्याच बाया, ज्या माझ्याबरोबर गोपाळरावांच्या अंगणात उभ्या होत्या.

मी काय नाही बोलले! विनवण्या केल्या, रागावले, जिजाबाईचं नाव घेतलं. रंभाबाई रडायला लागली, पण जागची हलली नाही. नत्थूजी बैलांच्या तोंडाकडे बघत राहिला. रामाजी मात्र विनवण्या करत नव्हता. तो मला म्हणाला, “बाई, आमच्या घरचं गाडगं तुमच्या यादीत हाय का नाही?” मी आहे म्हटलं. “मंग मी मागून नाही राहिलो. आमची दमणी हाय, थे न्याले आलो.” त्याचा आवाज चढला नव्हता, आणि हातगाड्यावर रुख्मिणी ओठ चावत पडली होती. दादा, त्या क्षणी मला सगळं सोडून घरी जावंसं वाटलं. वर्षभर पोतं वाहून मी फक्त कुलूप एका दारावरून काढून दुसऱ्या दारावर लावलं, असं वाटलं.

तेव्हा जिजाबाई घरातून बाहेर आली. ती दोन महिने कुणाशी फारशी बोलत नाही.  सासूच्या बाजूनं वळसा घालून ती दमणीत चढली, गादी सरकवली, खाली वाकून रुख्मिणीच्या काखेत हात घातले आणि रामाजीला म्हणाली, “पाय धरा.” दोघांनी तिला वर घेतलं. रुख्मिणीचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन ती बसली, आणि मग नत्थूजीला म्हणाली, “भाऊजी, हाका आता.” त्यानं हाकली. रंभाबाईला बाजूला व्हावं लागलं, नाहीतर आपल्याच सुनेला ती आडवी आली असती.

रुख्मिणीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

इथे मात्र काही बरं नाही. रंभाबाईनं जिजाबाईला दोन दिवस ओसरीवर ठेवलं, आंघोळ घालून मग घरात घेतलं. कोष्टीपुऱ्यातली एकोणीस गाडगी कालच्या रविवारी परत आली. आज सकाळी गादी कुणीतरी उचलून नेली, ती आता मला नवी करावी लागेल. त्याच रविवारी महारवाड्यातून नवी सात घरं यादीत आली. श्रीधर म्हणतो की बेरजेत आपण मागेच आहोत. मी म्हटलं, बेरीज सांगू नको, कापूस कुठे मिळतो ते सांग. तुझ्या जुन्या उशीतला मी काढला आहे, रागावू नको.

काल मी जिजाबाईला विचारलं की सासू, शेजार, सगळ्यांना अंगावर घेऊन ती का चढली. मला वाटलं होतं ती आपल्या मुलाबद्दल काही बोलेल. ती बाहेर सूत उकलत बसली होती, हात न थांबवता म्हणाली, “मले बाजेवर नेलं ना बाई, तवा तुम्ही सारे खाली होते. मले निस्तं आभाळ दिसे. बाजूले कोणीच नव्हतं.”

मी तो खांदा दिला होता, दादा, आणि हे मला माहीत नव्हतं.

शिवनीचं काय झालं ते कळव. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, मला तो सध्या रोज लागतो.

तुझी,
उत्तरा